पिवळ्या पाण्याच्या मागे

जर्मन जहाजावर गुरुवारीसुद्धा रविवार असतो. कुठल्या जमान्यातल्या खलाशांनी पाडलेली ही प्रथा, आणि ती मोडायची कॅप्टनचीही छाती नाही. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी केक. केक समोर आला की उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळत असला तरी त्यानं जरा थांबावं. आमचे मुख्य शास्त्रज्ञ प्रोफेसर हार्म्स महत्त्वाच्या घोषणा मुद्दाम याच वेळी करायचे, कारण तेव्हा विरोधकांची तोंडं भरलेली असतात. त्या गुरुवारी त्यांनी काटा खाली ठेवला आणि सांगितलं, की उद्या सकाळी जहाज पूर्वेला वळेल आणि मोहीम संपेपर्यंत पूर्वेलाच राहील.

माझा दोर पश्चिमेला होता.

दोर म्हणजे मूरिंग. तळाला लोखंडी वजन, वर नारिंगी गोळे, आणि मधल्या उभ्या दोराला ठिकठिकाणी बांधलेली उपकरणं. बर्फाखाली वर्षभर उभा राहून तो पाण्याचं तापमान, खारटपणा आणि प्रवाह नोंदवत होता. मागच्या उन्हाळ्यात मी तो माझ्या हातानं सोडला होता आणि माझी सगळी डॉक्टरेट त्याला लटकलेली होती. संस्थेतली माझी नेमणूक डिसेंबरात संपणार, दोराच्या बॅटऱ्या हिवाळ्यात संपणार. आणि हे २००७ साल. बर्फ कधी नव्हे इतका मागे हटलेला, म्हणून यंदा जहाज तिथवर पोचू शकत होतं. पुढच्या वर्षीची हमी कोण देणार? वयाच्या चौतिसाव्या वर्षी, लेकीला सासूच्या हवाली करून आलेल्या बाईला 'अजून एक वर्ष द्या' म्हणायला तोंड उरत नाही.

"हेर हार्म्स, आणि माझं मूरिंग?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "मूरिंग काही पळून जात नाही, फ्राऊ लेले. पाणी पळून जातं." आणि त्यांनी प्लम केकचा दुसरा तुकडा घेतला.

ज्या पाण्यामागे ते धावत होते ते पिवळं होतं. म्हणजे त्यांच्या मते होतं. सायबेरियातल्या नद्या जंगलातला कुजका पालापाचोळा आणि दलदल समुद्रात आणून ओततात, त्यामुळे पाण्याला अगदी फिकट पिवळी झाक येते. जर्मनांनी तिचं नाव ठेवलंय गेल्बश्टॉफ, पिवळं द्रव्य. डोळ्यांना ती झाक दिसेलच असं नाही, पण अतिनील प्रकाश टाकला की चमकते. आमच्याकडे त्यासाठी टॉर्चएवढा एक सेन्सर होता. त्याच्या तोंडाशी नखाएवढी पारदर्शक खिडकी. तिच्यातून तो प्रकाश टाकतो आणि परत आलेली चमक मोजतो. बाटल्यांच्या गोल पिंजऱ्याला हा सेन्सर बांधायचा, ठरलेल्या प्रत्येक जागी, म्हणजे स्टेशनला, जहाज थांबवून पिंजरा तारेनं तळापर्यंत सोडायचा, आणि वर लॅबमध्ये बसून पडद्यावरची रेघ बघायची. नदीचं पाणी कुठवर पोचलंय ते त्या रेघेवरून कळतं.

पिंजरा वर आला की सगळे आपापल्या बाटल्या घेऊन पाण्याच्या रांगेत. ज्यांना पाण्यात विरघळलेले वायू मोजायचे ते आधी, मग कार्बनवाले, मग पोषकद्रव्यवाले, आणि सगळ्यांत शेवटी मीठवाली, म्हणजे मी. मीठ काही उडून जात नाही, तेव्हा मीठवालीनं थांबावं, असा नियम. मोहीमभर मी गारठलेल्या बोटांनी लोकांनी सोडलेलं तळाचं पाणी गोळा करत होते. त्यात हा पिवळ्याचा सेन्सरही माझ्याच गळ्यात पडला, कारण ज्याचं ते काम तो गृहस्थ आयत्या वेळी आजारी पडून घरी राहिला. आजारी पडायचंही काही लोकांना बरोबर कळतं.

मोहिमेच्या मध्यावर पिंजरा जहाजाच्या अंगावर आपटला आणि सेन्सरची खिडकी तडकली. दुसरा सेन्सर पेटीत होता. तेव्हा माझी झोपेची पाळी होती, म्हणून माझ्या केबिनमधली जोडीदारीण झिल्के हिनं तो काढून बसवला. मी उठले तोवर पिंजरा पाण्यात गेलेलासुद्धा. मी हार्म्सना म्हटलं, नवा सेन्सर एकदा शुद्ध पाण्यात बुडवून त्याचं शून्य बघून घेऊ. तासाभराचं काम आहे.

"आल्झो, हे बघा, फ्राऊ लेले, कारखान्याचं कॅलिब्रेशन आहे की त्याला. स्टेशनांची ही ओळ पूर्ण होऊ दे, मग बघू. आणि तोवर खिडकीला कुणी हात लावायचा नाही, नुसत्या पाण्यानं धुवायची."

या माणसाचं सगळंच पी हळद नि हो गोरी. पण मोहिमेवर मुख्य शास्त्रज्ञाशी वाद घालणं म्हणजे नव्या सुनेनं सासऱ्याशी घालण्यासारखं. मी चरफडत माझ्या मिठाच्या बाटल्यांकडे वळले.

नव्या सेन्सरची पहिलीच रेघ टुणकन वर गेली. आणि फक्त वरच्या थरात नव्हे, सगळीकडे, थेट तीन हजार मीटर खोल. नदीचं पाणी गोडं आणि हलकं, ते वर तरंगतं. हे शाळेतलं पोरही सांगेल. माझं मीठही सांगत होतं, की खाली तेच जुनं खारट पाणी आहे. पण हार्म्सना ऐकायचंच नव्हतं. किनाऱ्याजवळ बर्फ गोठताना जड खारं पाणी तयार होतं, ते उतारावरून घसरत खोल जातं आणि जाताना पिवळं द्रव्यही ओढून नेतं, असं भाकीत त्यांनी तरुणपणी केलं होतं. कुणी मानलं नव्हतं. आता पुरावा समोर! पुढच्या प्रत्येक स्टेशनला रेघ थोडी थोडी खाली यायला लागली, तेव्हा त्याचाही अर्थ तयार होता: आपण प्रवाहाच्या गाभ्यापासून लांब चाललोय, गाभा मागे राहिला, पूर्वेला. म्हणून जहाज पूर्वेला. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकलं होतं, आइसब्रेकरवरून हाकलेल्या पहिल्यांदाच पाहत होते.

केकनंतर मी केबिनमध्ये आले ती धुमसतच. झिल्के विणत बसली होती. ती उत्तरेच्या किनाऱ्यावरची, तिच्या मते सगळ्या दुःखांवर दोनच उपाय, चहा आणि गप्प बसणं. तिनं माझ्यापुढे चहा सरकवला.

"तो सेन्सरच खोटं बोलतोय," मी म्हटलं. "पेटीतून काढताना काही दिसलं नव्हतं तुला? ओरखडा, तेल, काहीही?"

"नाइन, नाही. ठीक होता." मग तिच्या सुया थांबल्या. "फक्त त्याच्या टोपीत थोडी लाल भुकटी होती. गंज असेल. मी फुंकून टाकली."

"झिल्के, टोपी प्लास्टिकची आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "मलाही जरा नवलच वाटलं."

नवल वाटलं! आणि बाईनं फुंकून टाकली! मी चहा तसाच टाकून लॅबकडे धावले. टोपी रिकाम्या पेटीत पडली होती. आतल्या खाचेत लाल रंग अजून चिकटलेला. मी बोट फिरवून उजेडात धरलं. तो रंग ओळखायला मला प्रयोगशाळेची गरज नव्हती. कुंकू! आणि कुंकू एकटं कधी लावत नाहीत, त्याच्या आधी हळद असते.

मी तिथेच कपाळाला हात लावून बसले. आता निघण्याच्या दिवशीचं सांगायलाच हवं.

मी नोकरीला जर्मनीच्या वरच्या टोकाला, ब्रेमरहाफनला. माझा नवरा श्रीरंग खालच्या टोकाला, इंगोलश्टाटला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. आमचा संसार बराचसा रेल्वेत. मोहिमेच्या काळात पाच वर्षांच्या उर्जाला सांभाळायला माझ्या सासूबाई, मनोरमाबाई, पुण्याहून आल्या होत्या. सासरे थंडीच्या भीतीनं पुण्यातच राहिले. सासूबाईंनी माझ्या कामाबद्दल आजवर एकच प्रश्न विचारला होता, "समुद्राचं मीठ मोजून कुणाला काय मिळतं गं?" जहाज सुटायच्या दिवशी घरच्यांना वर यायची परवानगी असते. श्रीरंग गाडी लावायला जागा शोधत होता. लॅबमध्ये सगळीकडे उघड्या पेट्या, बाहेर क्रेनच्या शिट्ट्या, आणि अशात या बाईंनी पर्समधून चांदीचा करंडा काढला. दुसऱ्या हातात दह्याचा डबा.

"उल्का, थांब. जरा इकडे तोंड कर."

"अहो आई, आत्ता नको. माझं सामान आलंय क्रेनवर."

"दोन मिनिटं लागतात."

"आई, प्लीज! लोक बघतायत."

लोक म्हणजे हार्म्स. दारात उभे राहून पाहत होते. मी तशीच पळाले. परत आले तेव्हा सासूबाई उर्जाला घेऊन माझ्या टेबलापाशी शहाण्यासारख्या बसल्या होत्या, करंडा पर्समध्ये गेलेला. मला हायसं वाटलं. खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी रेडिओरूममध्ये जाऊन उपग्रह फोनवरून घरी लावला. उर्जानं उचलला.

"उर्जा, आजीला दे पटकन."

"ओमा कॉख्ट," लेक म्हणाली. आजी स्वयंपाक करतेय. मी मराठीत विचारायचं आणि तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा आमच्यातला करार तिनंच ठरवलाय.

"गॅस बंद करायला सांग आणि दे!"

"काय गं? बरी आहेस ना?" सासूबाईंचा आवाज आला. "जेवतेस ना वेळेवर?"

"अहो आई, निघताना माझ्या टेबलावरच्या मशिनला तुम्ही हळदकुंकू लावलंत का?"

"लावलं की." अपराधाचा लवलेश नाही. "टोपी काढून लावलं आणि टोपी परत घातली. कुठे काही पसारा केला नाही."

"नक्की कुठे लावलंत?"

"पुढे डोळ्यासारखी काच होती ना, तिथे. आधी हळद, मग कुंकू. उर्जानं पण बोट लावलं."

"आई, अहो त्या काचेतूनच त्याला बघायचं असतं!"

"मग? देवाला रोज लावतो, त्याला दिसायचं बंद झालंय का?"

"पण का लावलंत?" मी जवळजवळ ओरडले.

"अगं, तू त्या दिवशी..." आणि फोन तुटला. उपग्रहाला तेवढीच वेळ सापडली. पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सेन्सर खराब आहे एवढंच म्हणावं तर हार्म्स पुरावा मागणार. पुरावा द्यावा तर सगळ्या जहाजाला कळणार, की लेलेबाईंच्या सासूनं शास्त्रीय उपकरणाची पूजा केली आणि प्रोफेसर हळदीच्या मागे ध्रुवावर फिरले. पुढची कैक वर्षं प्रत्येक संस्थेतल्या कॉफीच्या मशिनपाशी हा किस्सा मी येण्याआधी पोचलेला असणार. आणि न सांगावं तर सकाळी जहाज वळणार, दोर कायमचा गेला. आपलेच दात, आपलेच ओठ. मी संध्याकाळच्या बैठकीची वाट बघत लॅबमध्ये येरझाऱ्या घातल्या आणि सासूबाई, झिल्के, हार्म्स आणि श्रीरंग, सगळ्यांवर मनातल्या मनात आळीपाळीनं चिडून घेतलं. श्रीरंगनं काय केलं होतं? काही नाही. तेच तर.

बैठकीच्या आधी मी आणि झिल्केनं सेन्सर पिंजऱ्यावरून काढला. खिडकी वरवर स्वच्छ दिसत होती. पांढरा टिश्यू अल्कोहोलमध्ये भिजवून मी तिच्यावरून आणि कडेच्या खाचेतून फिरवला. टिश्यू पिवळा झाला. हळद नुसत्या पाण्यानं जात नाही, हे कुठल्याही पांढऱ्या शर्टाला विचारावं.

बैठकीला सगळे होते. बाहेर न मावळणारा सूर्य बर्फाला टेकून बसला होता. मी टिश्यू बशीत ठेवून हार्म्सच्या पुढे केला.

"हेर हार्म्स, हे तुमचं पिवळं पाणी. खिडकीवर होतं."

त्यांनी चष्मा लावला. "हे गेल्बश्टॉफच असेल. इतक्या स्टेशनांमध्ये खिडकीवर साचलं असेल."

मला याचीच अपेक्षा होती. "असेल. पण मग आता जे होईल ते व्हायला नको." मी रसायनांच्या लॅबमधून आणलेल्या कॉस्टिक सोड्याचा एक थेंब टिश्यूवर टाकला. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. टेबलाभोवती खुर्च्या सरकल्या.

"हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो," मी म्हटलं. "आमच्याकडे हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. सायबेरियातली कुठलीही नदी असं करत नाही. ही कुर्कुमा आहे. अतिनील प्रकाश टाकला की तीही चमकते."

"कुर्कुमा? करीतली?" हार्म्सनी विचारलं. "माझ्या सेन्सरवर करी कुठून आली?"

"करी नाही. ब्रेमरहाफनला माझ्या सासूबाईंनी त्याची पूजा केली."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. हार्म्स मात्र हसले नाहीत. त्यांनी बशी स्वतःकडे ओढून घेतली.

"रेघ खाली येत होती..." ते म्हणाले.

"दर बुडीला थोडी थोडी निघून जात होती."

त्यांनी चष्मा काढला. इतके दिवस मी या माणसाच्या नावानं बोटं मोडली होती, पण तरुणपणापासून जपलेलं भाकीत त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना पाहिलं आणि मला मुळीच मजा आली नाही. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

"शून्य बघून घ्या," ते म्हणाले.

तासाभराचं काम होतं. पुसलेला सेन्सर शुद्ध पाण्यात बुडवला आणि रेघ निमूट खाली जाऊन बसली. हार्म्स स्वतः उठून ब्रिजवर, कॅप्टनकडे, गेले. सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. पण सकाळी जागी झाले तेव्हा बर्फ फुटण्याचा आवाज येत होता आणि जहाज पश्चिमेला चाललं होतं.

दोराच्या जागी पोचलो तर वर सगळा बर्फच बर्फ. कॅप्टननं जहाज पुढेमागे करून मोकळ्या पाण्याचं एक तळं फोडून दिलं. आवाजाचा संकेत खाली पाठवायचा, तळाशी कडी सुटते, वजन खाली राहतं आणि गोळे दोर घेऊन वर येतात. येतात म्हणजे यायला हवेत. वाटेत बर्फाच्या लादीखाली अडकले तर संपलं. आम्ही सगळे कठड्याला टेकून पाण्याकडे डोळे लावून उभे होतो. तळं गप्प. हार्म्सही येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. मला एकदम वाटलं, या दोराला कुणीच काही लावलं नव्हतं. असलं काही मनात आल्याबद्दल मी स्वतःवरच चिडले. तेवढ्यात झिल्के किंचाळली. गप्प बसणारी झिल्के! तळ्याच्या अगदी कडेला, लादीला घासून, पहिला नारिंगी गोळा वर आला. मग दुसरा. मग सगळे.

त्या संध्याकाळी फोन पहिल्या झटक्यात लागला.

"आई, दोर आला."

"आला ना? मग झालं तर." मागून उर्जा काहीतरी ओरडली, दोर आला का, असं जर्मनमध्ये. घरात माझ्या दोराची चर्चा होत होती, हे मला नवीन होतं.

"आई, त्या दिवशी फोन तुटला. तुम्ही मशिनला का लावलंत हळदकुंकू?"

उपग्रहावरून आवाज जरा उशिरा येतो. मला वाटलं पुन्हा तुटला.

"तुला लावायला काढलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तू थांबलीच नाहीस. बोटावर घेतलेलं हळदकुंकू परत करंड्यात कसं टाकायचं? ते मशीन तू सकाळपासून लेकरासारखं पुसत होतीस. म्हटलं, हे तुझ्याबरोबर तिथवर जाणार. हे सुखरूप आलं की तूही येशीलच. मीठ मोजून काय मिळतं ते मला नाही कळत, उल्का. पण तू परत यायला हवीस एवढं कळतं."

मला रडूच फुटलं. आणि रागही आला, कारण आता चिडायला कुणी उरलंच नव्हतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जहाज ब्रेमरहाफनच्या धक्क्याला लागलं. भुरभुर पाऊस, बोचरा वारा. खाली श्रीरंग, त्याच्या खांद्यावर उर्जा, आणि शेजारी स्वेटरवर स्वेटर घातलेल्या सासूबाई, हातात करंडा. मी जिन्यावरून उतरले आणि शेवटच्या पायरीवरच त्यांनी मला गाठलं. माझ्या मागे बॅग घेऊन हार्म्स, त्यांच्या मागे झिल्के, त्यांच्या मागे सगळी मोहीम तुंबली.

"बाजूला होऊ या," सासूबाई पुटपुटल्या. "लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. "दोन मिनिटं लागतात."

मी टोपी काढली आणि मान खाली करून उभी राहिले. त्यांचं बोट गार होतं. आधी हळद, मग कुंकू. सेन्सरची पेटी मात्र मी पाठीमागे घट्ट धरून ठेवली होती.